तापामागचे दुसरे दुखणे

साथीचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो बहुधा तापाचा इतिहास म्हणून. ताप कोणत्या जहाजातून उतरला, किती दिवसांत किती माणसे त्याने अंथरुणाला खिळवली आणि कोणत्या महिन्यात तो ओसरला, एवढे सांगितले की इतिहासकाराचे काम संपते. माणूस ज्या दुखण्याने पडला त्याच दुखण्याने तो गेला, हे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः मोठ्या साथींत पुष्कळदा असे घडत नाही. पहिला आजार दार उघडतो आणि मागून दुसराच कोणी आत शिरून घर लुटतो. हा दुसरा कधी जंतू असतो, कधी बुरशी असते. त्याच्याविषयी आज आपल्याशी बोलावे असे आम्ही ठरवले आहे.

वैद्यकाचा विषय कामगार संघटनेच्या माणसाने का घ्यावा, असे आपणांस वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत जेवढे झाले तेवढेच. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटातल्या पुस्तकांनी आणि रुग्णालयांच्या व्हरांड्यांनी केले. परंतु मृत्यूचे कारण हा आमच्या धंद्यातला रोजचा विषय आहे. कामगार मेला की त्याच्या मागे राहिलेल्यांना काय मिळावे, हे तो कशाने मेला यावर ठरते. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली त्यामागचे कारण आणि सर्वांत खाली मूळ कारण लिहावयाचे असते. डॉक्टरच्या दृष्टीने तो अर्ध्या मिनिटाचा मजकूर आहे. कुटुंबाच्या दृष्टीने त्यात दोन-चार वर्षांचे अन्न आहे. पहिल्या आणि दुसऱ्या दुखण्यातला भेद आम्ही शिकलो तो या ओळींवरून.

1918 सालापासून सुरुवात करू. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाला आपल्या खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणत. मान टाकून माणूस पडे, म्हणून मानमोडी. मुंबईत तिची पहिली चाहूल लागली ती जूनच्या 10 तारखेला. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात आले आणि ताप हिवतापाचा नव्हता. मागोमाग गोदीतले कामगार, पेढ्यांतले कारकून आणि गिरणीतले लोक पडू लागले. शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांनी मेअखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजाकडे बोट दाखवले. वरच्या सरकारने शहराच्या घाणीकडे बोट दाखवले. असो. दोषाची ही टोलवाटोलवी प्रत्येक साथीत होते आणि आजारी माणसाला तिचा काही उपयोग नसतो.

जूनची लाट तुलनेने सौम्य होती. लोक तीन-चार दिवस तापले आणि पुष्कळसे उठून कामाला लागले. सप्टेंबरात जी दुसरी लाट आली तिने मात्र शहर मोडून टाकले. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानात एकंदर किती माणसे गेली याचे अंदाज निरनिराळे आहेत. त्या वेळच्या सरकारी अहवालाने साठ लाखांचा आकडा धरला होता. पुढच्या अभ्यासकांनी तो सव्वा कोटीच्या पलीकडे, काहींनी पावणेदोन कोटींच्याही पलीकडे नेला. जगात कोणत्याही एका देशाने एवढी माणसे त्या साथीत गमावली नाहीत. आणि गेली ती बहुतेक वीस ते चाळीस या वयातली, म्हणजे साच्यावर उभी राहणारी, बोजा उचलणारी, पोरे सांभाळणारी.

ही माणसे कशाने गेली? दप्तरात पाहावे तर साथीला स्वतःचा रकाना नव्हता. मृत्यू लिहिले गेले ते ‘ताप’ किंवा ‘श्वसनविकार’ या जुन्याच मथळ्यांखाली. पण त्या काळच्या डॉक्टरांनी बिछान्याशी जे पाहिले ते स्पष्ट होते. रोग्याचा ताप उतरू लागे, घरच्यांना हायसे वाटे, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ज्वर चढे. बरगडीत कळ, रक्ताळलेला खाकरा, ओठ निळे. हा न्यूमोनिया. मानमोडीने मान मोडली होती. प्राण घेतला तो या मागून आलेल्याने.

विद्वानांचा येथे मोठा घोटाळा झाला. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1892 साली इन्फ्लुएंझाच्या रोग्यांच्या खाकऱ्यात एक बारीक जंतू शोधून काढला होता आणि तोच या रोगाचा जनक, असे जाहीर केले होते. 1918 साली जगभरच्या प्रयोगशाळा तोच जंतू शोधत होत्या. कोठे तो सापडे, कोठे सापडत नसे. कोठे त्याच्याऐवजी न्यूमोकॉकस मिळे, कोठे स्ट्रेप्टोकॉकस, कोठे स्टॅफिलोकॉकस. खरा गुन्हेगार विषाणू होता आणि तो त्या काळच्या सूक्ष्मदर्शकात दिसण्याइतका मोठाच नव्हता. तो हाती लागायला 1933 साल उजाडले. लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून तो वेगळा केला. फायफरच्या जंतूला मात्र इन्फ्लुएंझाचे नाव चिकटले ते आजतागायत सुटलेले नाही. चोराच्या मागून घरात शिरलेल्याला चोर म्हणून पकडावे, पुढे खरा चोर सापडावा आणि तरीही पहिल्याचे नाव पोलिसांच्या वहीतून खोडले जाऊ नये, असा हा प्रकार आहे.

यातला पुढचा दुवा 2008 सालचा आहे. अमेरिकेत मॉरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची यांनी 1918 साली मेलेल्या 58 माणसांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे तुकडे पुन्हा तपासले आणि त्या काळी झालेल्या आठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष एकत्र केले. बहुसंख्य मृत्यूंत मागून आलेला जंतुजन्य न्यूमोनिया होता, असे त्यांनी दाखवून दिले. खेड्यातल्या म्हाताऱ्या जे सांगत, की ताप गेला आणि मग माणूस गेला, ते नव्वद वर्षांनी प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

हे घडते कसे, तेही समजून घेतले पाहिजे. आपल्या श्वासनळीला आतून अतिसूक्ष्म लव असते. ती लव रात्रंदिवस हलत असते आणि धूळ, जंतू, कफ असे जे काही आत येईल ते वर घशाकडे झाडून लावत असते. इन्फ्लुएंझाचा विषाणू नेमके हे अस्तरच खरवडून काढतो. शहरातले झाडूवाले संपावर गेले म्हणजे पहिल्या दिवशी कोणाच्या काही लक्षात येत नाही; तिसऱ्या-चौथ्या दिवशी गल्लीत पाय ठेववत नाही. फुप्फुसात हेच होते, आणि त्याला लागणारे दिवसही साधारण तेवढेच असतात. ज्या जंतूंनी दार गाठलेले असते ते परके नसतात. आपल्याच नाकाघशात ते एरवी निरुपद्रवीपणे वस्ती करून असतात. त्यातच विषाणूशी झुंजून दमलेल्या पांढऱ्या पेशींची फळी विस्कळीत झालेली असते. मग घरचाच भाडेकरू घराचा मालक होतो.

आता जंतू सर्वांच्याच घशात असतात, तर मरण सर्वांना सारखे का वाटले गेले नाही? 1918 च्या मुंबईचा मृत्यूचा हिशेब जातवार केलेला आहे, आणि तो आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागते. दर हजारी मृत्यू युरोपियनांत 8.3, पारशांत 9 च्या आसपास, इतर हिंदूंत व मुसलमानांत 19 च्या आसपास, आणि ज्यांना त्या दप्तरात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यात 61.6. विषाणू तोच, हवा तीच, शहर एकच. मग सात पटींहून अधिक फरक पडला कशाने? रक्तात काही निराळे असते म्हणून नव्हे. न्यूमोनियाला त्या वेळी औषध नव्हते, गव्हर्नरलाही नव्हते. जे होते ते एवढेच: पडून राहण्याची सवड, उशाशी पाणी देणारे माणूस, पोटात पेज आणि खोलीत खेळती हवा. या चार गोष्टींवर माणूस जगे किंवा मरे. ज्या चाळीत एका खोलीत दोन पाळ्यांचे गडी आळीपाळीने एकाच चटईवर निजत तेथे हवा कोठली? ज्याचा खाडा झाला की पगार कापला जाई तो ताप उतरताच तिसऱ्या दिवशी साच्यावर उभा राही, आणि फुप्फुसाचे अस्तर भरून यायला तर आठवडे लागतात. ज्या घरातली बाई सर्वांची शुश्रूषा करून शेवटी पडे, तिच्या उशाशी पाणी द्यायला कोणी उठत नसे. त्या साथीत आपल्या देशात बायकांचे मृत्यू पुरुषांहून अधिक झाले, ते उगीच नव्हे.

त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. महायुद्धाने भाव चढलेलेच होते, ते आणखी चढले. कोकण-घाटावरून आलेले गिरणीकामगार आजार घेऊन गावी पळाले आणि गावात धान्य नव्हते. मुंबईत ना. म. जोशी यांनी 1911 साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या स्वयंसेवकांनी चाळींतून मदतकार्य केले. ठिकठिकाणी ज्ञातिसंस्था व मंडळे औषधे घेऊन फिरली. त्यांच्या हातात रोग मारणारे औषध नव्हते. पण दूध, पांघरूण आणि विचारपूस होती, आणि न्यूमोनियात तीही थोडी नव्हे. साथ ओसरली आणि 1919 च्या जानेवारीत मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणीकामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. संपाच्या इतिहासात कारण म्हणून महागाई लिहिलेली असते, आणि ते खरेच आहे. पण तीन महिन्यांपूर्वी ज्या खोल्यांतून दोन-दोन प्रेते निघाली होती, त्याच खोल्यांतून हे लोक बाहेर पडले होते, हे त्या पानावर लिहिलेले आढळत नाही. पुढे 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईतच आयटकची स्थापना झाली, तीतही जोशी होते. आमच्या चळवळीचा साथींशी असलेला संबंध तसा जुना आहे. गिरणीकामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करतानाच गेले. त्याच प्लेगात मार्च महिन्यात सावित्रीबाई गेल्या.

येथून पुढे औषधाचा इतिहास सुरू होतो, आणि त्यात एक मोठी मौज आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगने 1928 साली पेनिसिलिअम बुरशीचा गुण ओळखला आणि 1929 साली त्यावर निबंध छापला. त्या निबंधाच्या मथळ्यात कोणाचे नाव असावे? फायफरच्या त्या इन्फ्लुएंझाच्या जंतूचे. बुरशीचा रस इतर जंतू मारी पण या जंतूला मारत नसे. म्हणून भेसळीतून हा जंतू निवडून काढायला तो रस बरा, असा त्यात एक उपयोग सुचवला होता. म्हणजे ज्या बुरशीने पुढे न्यूमोनियाला वेसण घातली, ती प्रथम इन्फ्लुएंझाच्या खोट्या गुन्हेगाराचा माग काढण्यासाठी कामाला लावली गेली.

ते औषध आपल्याकडे तयार होऊ लागले ते पिंपरीत. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना तेथे उभा राहिला आणि पुढच्या वर्षी पेनिसिलीन निघू लागले. ज्या देशात 1918 साली न्यूमोनियाला पेजेवाचून उतारा नव्हता, त्याच देशाच्या कामगारांनी सदतीस वर्षांनी त्याचे औषध टाक्यांतून काढले, या गोष्टीचा आम्हांला वाटणारा अभिमान आम्ही लपवणार नाही. एवढेच नव्हे तर त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक द्रव्य काढले. त्या जीवाला त्यांनी पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले आणि द्रव्याला कारखान्यावरून ‘हॅमायसीन’. रचनेने हे द्रव्य अॅम्फोटेरिसिन-बी या औषधाचे सख्खे भावंड आहे. अॅम्फोटेरिसिन सापडले ते 1955 च्या सुमारास, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत. ही नावे लक्षात ठेवावीत. ती पुढे येणार आहेत. पिंपरीचा कारखाना मात्र 1990 च्या दशकात तोट्यात बुडाला. बाहेरचा स्वस्त माल आला आणि सरकारला आपली भट्टी जड झाली.

मधल्या साथी आम्ही थोडक्यात आटोपतो. 1957 च्या आशियाई इन्फ्लुएंझात स्टॅफिलोकॉकसने माणसे नेली. 2009 च्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला. त्या साथीत अमेरिकेत मेलेल्या 77 जणांची फुप्फुसे तपासली तेव्हा 22 जणांत जंतूंचा संसर्ग आढळला. अतिदक्षता विभागातल्या इन्फ्लुएंझाच्या 432 रोग्यांपैकी 83 जणांना अॅस्परजिलस बुरशीने गाठले होते, असे हॉलंड-बेल्जममधल्या डॉक्टरांनी 2018 साली प्रसिद्ध केले. बुरशी ही अशा रीतीने दुसरे दुखणे म्हणून पुस्तकांत नोंदली गेलेलीच होती. आमच्या खारघरात तर टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही कर्करोगाची संस्था आहे. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी खाली गेल्या की बुरशी कशी टपून बसलेली असते, हे तेथला कोणीही डॉक्टर सांगेल. पण सामान्य माणसाच्या घरात हा शब्द शिरला तो 2021 च्या उन्हाळ्यात.

महाराष्ट्रात कोविडचे पहिले रोगी सापडले ते 9 मार्च 2020 रोजी, पुण्यात. मुंबईत पहिले रोगी चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गेले. 1918 साली तेच आर्थर रोडचे साथीचे रुग्णालय म्हणून प्रसिद्ध होते. या वेळी विषाणू कोणता हे काही आठवड्यांतच कळले होते. फायफरचा घोटाळा पुन्हा झाला नाही. दुसरा एक झाला. मागून जंतू येईल या धास्तीने ज्याला त्याला प्रतिजैविके दिली गेली. जगभरातल्या अभ्यासांचा 2020 साली मेळ घातला तेव्हा असे दिसले, की रुग्णालयात येताना जंतूंचा संसर्ग असलेले रोगी साडेतीन टक्क्यांच्या आसपास होते, आणि प्रतिजैविके मिळाली होती सत्तर टक्क्यांहून अधिक जणांना. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दहा रुग्णालयांतल्या 17,534 रोग्यांची पाहणी केली. त्यांपैकी 3.6 टक्क्यांना जंतू किंवा बुरशीचे दुसरे दुखणे जडले. प्रमाण लहान आहे. पण एकंदर रोग्यांत मृत्यू 10.6 टक्के झाले, तर या दुसऱ्या दुखण्याच्या रोग्यांत 56.7 टक्के. आणि जंतू कोणते? क्लेबसिएला, अॅसिनेटोबॅक्टर: म्हणजे घशातले घरचे भाडेकरू नव्हेत, तर रुग्णालयातल्या नळ्यांवर, यंत्रांवर, हातांवर राहणारे, औषधांना पचवून बसलेले. 1918 साली माणसे रुग्णालय न मिळाल्याने मेली. 2020 साली काही माणसांना मारणारा जंतू रुग्णालयानेच पोसलेला होता. हे डॉक्टर-परिचारिकांवर बोट ठेवण्यासाठी आम्ही म्हणत नाही. एका परिचारिकेच्या वाट्याला जेवढे रोगी यावेत त्याच्या कितीतरी पट आले म्हणजे हात धुवायला वेळ कोठून आणावा? माणूसबळ कापले की जंतू वाढतो, हे गणित कारखान्यातल्या अपघातांच्या गणिताहून निराळे नाही.

आता बुरशी. म्युकरची बुरशी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. शिळ्या पावावर, कुजक्या फळावर ती उगवते. तिचे बीज हवेत सर्वत्र असते आणि आपण रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी शरीर ते मारून टाकते. लोक तिला काळी बुरशी म्हणतात, पण बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते, रक्त न मिळाल्याने मांस मरते आणि मेलेले मांस काळे पडते. नाकातून सायनसमध्ये, तेथून डोळ्यामागे आणि तेथून मेंदूकडे तिचा रस्ता असतो. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. तो भाग कापूनच काढावा लागतो. जबडा, टाळू, डोळा.

तिला लागते काय? साखर. रक्तात साखर बेसुमार वाढली, त्यात आम्ल झाले की तिला पेरणीला रान तयार मिळते. आपल्या देशात मधुमेहाचे रोगी दहा कोटींवर गेले आहेत, असा 2023 चा अहवाल आहे. त्यांतल्या पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकच नसते. त्यावर आले स्टेरॉइड. जून 2020 मध्ये इंग्लंडातल्या मोठ्या चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन हे जुने, कवडीमोल औषध कृत्रिम श्वसनावरच्या रोग्यांतले मृत्यू एक तृतीयांशाने कमी करते, आणि प्राणवायू लागणाऱ्यांतले एक पंचमांशाने. मात्रा ठरलेली: रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना काही लाभ दिसला नाही. गरिबाला परवडणारे, जीव वाचवणारे औषध; याहून चांगली बातमी कोणती? पण 2021 च्या एप्रिलमध्ये खाटा नव्हत्या. माणसे घरी पडली होती, आणि औषधाची यादी मोबाइलवरून एका घरातून दुसऱ्या घरात जात होती. गरज नसताना, दुप्पट-तिप्पट मात्रेत, आठवड्यांमागून आठवडे स्टेरॉइड घेतले गेले. स्टेरॉइड साखर वाढवते आणि पांढऱ्या पेशींना झोपवते. बुरशीला आणखी काय हवे?

चंदिगडच्या अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 रुग्णालयांतून गोळा केलेल्या माहितीनुसार 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरातच म्युकरचे रोगी आदल्या वर्षीच्या दुपटीहून अधिक झाले होते. इशारा मिळाला होता, लाट यायला चार महिने होते. 20 मे 2021 रोजी केंद्राने राज्यांना सांगितले की हा रोग 1897 च्या साथरोग कायद्याखाली कळवणे सक्तीचे करा. तोच कायदा, जो मुंबईच्या प्लेगामुळे झाला होता. 28 जून 2021 पर्यंत देशात 40,845 रोगी आणि 3,129 मृत्यू नोंदले गेले. रोग्यांपैकी 26,187 मधुमेही होते, 21,523 जणांना स्टेरॉइड मिळालेले होते, आणि 13,083 जण 18 ते 45 वर्षांचे होते. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांतले आकडे सर्वांत मोठे होते.

त्या दिवसांत तर्क पुष्कळ निघाले. प्राणवायूच्या उपकरणातल्या पाण्यामुळे, वाफ घेतल्यामुळे, कारखान्यांच्या प्राणवायूच्या बाटल्यांमुळे. शेवटचा तर्क आमच्या भागात फार चालला, कारण प्राणवायूचा तो सारा व्यवहार आमच्या डोळ्यांदेखत झाला. शेजारच्या कळंबोलीच्या मालधक्क्यावरून 19 एप्रिल 2021 रोजी देशातली पहिली प्राणवायू गाडी रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला निघाली. कारखान्यांचा प्राणवायू रुग्णालयांकडे वळवला गेला. बाटल्यांतून बुरशी आली, हे मात्र पुराव्याने सिद्ध झालेले नाही. पुरावा जो आहे तो साखरेचा आणि स्टेरॉइडच्या गैरवापराचा आहे. ज्या फिटरांनी आणि ड्रायव्हरांनी त्या बाटल्या रात्रंदिवस भरल्या नि वाहिल्या, त्यांच्यावरचा हा किटाळ दूर व्हावा म्हणून एवढे सांगितले.

औषध होते: ओरिनोकोच्या मातीतले अॅम्फोटेरिसिन. साधे स्वरूप मूत्रपिंडाला झोंबते. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बांधलेले सोसते. हे बांधलेले औषध देशातच बनवण्याचे काम परळच्या के.ई.एम. रुग्णालयात निलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी आधी करून ठेवले होते. तरी मे 2021 मध्ये ते दुकानात नव्हते. हिशेब मांडून पाहा. दर किलो वजनामागे पाच मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला तीनशे, म्हणजे पन्नासच्या सहा कुप्या. कुपीला सुमारे सात हजार. दिवसाचे बेचाळीस हजार. तीन आठवड्यांचे आठ लाख ब्याऐंशी हजार, शस्त्रक्रिया वेगळी. त्याच महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या एका कंपनीने अॅम्फोटेरिसिनचे इंजेक्शन बाराशे रुपयांना देण्याची तयारी केली. 12 जून रोजी जीएसटी परिषदेने त्यावरचा कर शून्यावर आणला. राज्याने हा रोग महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला. या गोष्टी झाल्या, आणि त्यांनी माणसे वाचली. पण बुरशी दिवसांचा हिशेब करत नाही, तासांचा करते.

तळोज्याच्या कारखान्यांतले दोन कंत्राटी कामगार त्या मे महिन्यात आमच्या पाहण्यात आले. दोघांचाही पगार बारा हजारांच्या आतबाहेर. पहिल्याचा डावा डोळा आणि टाळूचा भाग काढावा लागला. तो जगला. कृत्रिम टाळू बसवून बोलतो, आणि एका डोळ्याच्या माणसाला यंत्रावर घेता येत नाही म्हणून फाटकावर बसतो. त्याची साखर पाचशेच्या वर गेलेली पहिल्यांदा कळली ती म्युकरसाठी दाखल झाल्यावर; त्याआधी उभ्या जन्मात कोणी तपासली नव्हती. दुसरा कोविडमधून बरा होऊन पंधराव्या दिवशी घरी आला. गाल सुजला, दात हलू लागले. दातांच्या डॉक्टरकडे चार दिवस गेले. पुन्हा दाखल झाला आणि कोविडच्या चाचणीपासून एकेचाळिसाव्या दिवशी वारला. त्याच्या दाखल्यावर एकच ओळ होती: बुरशीचा संसर्ग.

सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जून 2021 च्या निर्णयानंतर सप्टेंबरात नियम आला. चाचणीपासून तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोविडचा धरावा, मग तो घरी झाला तरी. आणि रोगी त्याच दाखल्यात रुग्णालयात राहून पुढे गेला तर तोही धरावा. वारसाला पन्नास हजार रुपये. कर्मचारी राज्य विमा योजनेतही कोविडने गेलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला सरासरी रोजच्या नव्वद टक्के देण्याची तरतूद झाली. म्युकर येते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर, आणि मरण येते ते आणखी पुढे. घरी जाऊन पुन्हा दाखल झालेला आणि एकेचाळिसाव्या दिवशी मेलेला माणूस या दोन्ही चौकटींच्या बाहेर पडत होता. ताप पुढे गेला होता, आणि दुसऱ्या दुखण्याला स्वतःचा रकाना नव्हता.

त्याच्या पत्नीचा अर्ज पहिल्या खेपेला फेटाळला गेला. जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढे जाण्यासाठी मूळ रुग्णालयाचे कागद, चाचणीचा अहवाल, स्टेरॉइडच्या मात्रा लिहिलेला तक्ता आणि साखरेच्या नोंदी, असे सारे तारखेवारी लावून आम्ही दुसऱ्या रुग्णालयात गेलो. तेथल्या एका तरुण निवासी डॉक्टरने तासभर उभ्याने ते वाचले आणि सुधारित दाखला लिहून दिला. वरच्या ओळीत म्युकर, मधल्या ओळीत अनियंत्रित मधुमेह, खालच्या ओळीत कोविड. 2022 च्या पावसाळ्यात तिच्या खात्यात पन्नास हजार रुपये जमा झाले. विम्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण ठेकेदाराने तिच्या नवऱ्याच्या पगारातून वर्गणी दरमहा कापली होती आणि भरली मात्र नव्हती. ते प्रकरण अजून चालू आहे. पुढची तारीख जूनमध्ये आहे.